पॉप्युलिझमला ‘लोकानुनय’ म्हणायचं का?

एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय असा की अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाला बांधून ठेवायचं तर इकॉनॉमिक पॉप्युलिझमच (बड्या पैसेवाल्यांविरुद्ध सामान्यांची बाजू घेणं) कामाचा. मी लिहिलं ‘आर्थिक लोकानुनयाने पक्ष एक होईल’ आणि वाचून मलाच हसू आलं, लेखक स्वतःच्याच पक्षाला सांगतोय की काय, खिरापत वाटा म्हणून! दुसरा शब्द आहे का?

– लोकानुनय नकोच. अनुनय म्हणजे मनधरणी, त्यात टोमणा आधीच बसलाय. मुळात पॉप्युलिस्ट हे अमेरिकेतल्याच पीपल्स पार्टी या पक्षाच्या लोकांनी अभिमानाने मिरवलेलं नाव. 1892 चा त्यांचा ओमाहाचा जाहीरनामा बघा, चढत्या दराने इन्कम टॅक्स लावा, रेल्वे सरकारच्या मालकीची करा, चांदीची नाणी हवी तितकी पाडू द्या म्हणजे बाजारात पैसा खेळेल आणि कर्जात बुडालेला शेतकरी जरा वर येईल. यात फुकट वाटप कुठंय? त्यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जेम्स वीव्हर, 10 लाखांवर मतं पडली त्याला.

– पेपरात लोकरंजनवाद वाचलाय.

– रंजन म्हटलं की मला तंबू आणि तिकीटच दिसतं :)

– थोडा असहमत. इंग्रजीतही हा शब्द आता निम्म्या वेळा शिवीसारखाच वापरतात, तिथे लोकानुनय चपखल बसतो. बोलणारा कोण ते बघायचं. विरोधक नावं ठेवत असेल तर लोकानुनय, कोणी स्वतःची भूमिका म्हणून सांगत असेल तर लोकवाद. (लोकवाद ऐकून लोकापवाद आठवतो हे मान्य, पण सवय होईल.) आणि तुमच्या वाक्याचा जीव ‘आर्थिक’मध्ये आहे. 2011 च्या ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनाची ‘आम्ही 99 टक्के’ ही अतिश्रीमंत एक टक्क्याविरुद्धची घोषणा आठवा, रेघ पैशावर ओढली की गोरा-काळा, शहरातला-खेड्यातला सगळे एकाच बाजूला येतात, निदान घोषणेत तरी, म्हणून पक्षाला ती सोयीची. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 1936 मध्ये ‘इकॉनॉमिक रॉयलिस्ट’ म्हणाले ते हेच, बडे धनदांडगे एकीकडे बाकी सगळे दुसरीकडे. त्यामुळे शब्दाला शब्द न लावता ‘धनदांडग्यांविरुद्ध आपण सगळे’ असं सरळ लिहिलं तरी चालेल.

– हे आवडलं. पहिल्यांदा येईल तिथे ‘आर्थिक लोकवाद’ लिहून पुढे लगेच तुमचं वाक्य जोडते. आता ‘युनिफाइंग मेसेज’ राहिला, ‘एकसंध करणारा संदेश’ फारच सरकारी वाटतोय.

– ‘सगळ्यांना जोडणारा मुद्दा’ लिहा की.