मदत हवी आहे: विमानतळाच्या वायफायवरून बँकेत लॉगिन करू का? लवकर सांगा

घाईत_आहे:
विमानतळावर अडकलोय, विमान चार तास लेट. क्रेडिट कार्डाचं बिल भरायची आज शेवटची तारीख आणि माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. इथलं फुकट वायफाय आहे पण बँकेची साईट उघडली की लाल वॉर्निंग येतेय, बंद करून चालू केलं तरी तेच. काय करू? कृपया 'सार्वजनिक वायफाय वापरू नका' एवढंच सांगायला येऊ नका.

निवांत_वाचक:
सार्वजनिक वायफाय वापरू नका.

तारांचा_गुंता:
वॉर्निंगमध्ये नक्की काय लिहिलंय? मोबाईल की लॅपटॉप? ॲप की ब्राउजर?

भटकभवानी:
व्हीपीएन (आपलं सगळं नेट कुलूपबंद करून दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) टाका आणि मोकळे व्हा. मी कित्येक वर्षं तेच करते, काही झालं नाही.

तारांचा_गुंता:
@भटकभवानी फुकटातलं असेल तर वायफायवाल्यावरचा विश्वास उचलून व्हीपीएनवाल्यावर ठेवला, एवढंच. शिवाय लॉगिन भलत्याच देशातून आल्यासारखं दिसलं की काही बँका खातं लॉक करून टाकतात. आज शेवटची तारीख असताना हे कुणी सांगितलंय.

भटकभवानी:
माझं पैसे भरून घेतलेलं आहे. आणि लॉक कधीच झालेलं नाही, उगाच घाबरवू नका लोकांना.

जुना_जाणता:
फायरशीप आठवतंय का कुणाला? 2010 सालचं. फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन होतं, त्याच वायफायवर बसलेल्या माणसाचं फेसबुक एका क्लिकवर उघडायचं. कारण तेव्हा बऱ्याच साईट फक्त लॉगिनच्या पानाला एचटीटीपीएस, म्हणजे मधल्याला वाचता येऊ नये असं कुलूप, लावायच्या, पुढे कुकी (तुम्ही लॉगिन केलंय ही ब्राउजरकडची खूण) उघडीच फिरायची. आता बँकांची अख्खी साईट एचटीटीपीएसवर असते त्यामुळे ती भीती जुनी झाली. आता फसतात ते वॉर्निंग येऊनसुद्धा पुढे जाणारे, नाहीतर मेसेजमधल्या लिंकवरून खोट्या साईटवर पोचणारे, आणि त्याला वायफाय लागतच नाही.

घाईत_आहे:
लॅपटॉप, क्रोम. कनेक्शन खाजगी नाही म्हणतंय, खाली कॉमन नेम इनव्हॅलिड असं काहीतरी. मोबाईलची बॅटरी मेलीय, केबल चेक-इन केलेल्या बॅगेत गेली.

सावध_सदू:
विमानतळावरच्या यूएसबी पोर्टला मोबाईल लावू नका हं! ज्यूस जॅकिंग! त्यातून डेटा चोरू शकतात म्हणे.

घाईत_आहे:
मी कुठे विचारलं ते??

तारांचा_गुंता:
बरं, साईटच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही म्हणजे बँकेच्या जागी तिथल्या वायफायचाच डबा उत्तर देतोय. त्यांचं 'अटी मान्य' वालं पान अजून पार पडलेलं नाही. बँक बंद करा, पत्त्यात नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका, त्या साईटला एचटीटीपीएस मुद्दामच नाहीये त्यामुळे वायफायचं पान आपोआप समोर येतं. ते झाल्यावरही बँकेला वॉर्निंग आली तर तिथेच थांबा. आणि एक सांगा, नेट चालत नाही तर इथे लिहिताय कसे?

घाईत_आहे:
शेजारच्या बाईंचा टॅब, त्यांच्या डेटावर. त्या आता परत मागतायत म्हणून म्हणतोय लवकर सांगा. ते पान मी पाहिलंय, वॉर्निंगमध्ये ॲडव्हान्स्ड दाबून पुढे गेलो तेव्हाच आलं. ईमेल आणि पासवर्ड देऊन अकाउंट काढा म्हणालं, काढलं, मग मोबाईलवर कोड पाठवलाय म्हणे. मोबाईल बंद.

जुना_जाणता:
पासवर्ड कुठला दिलात?

घाईत_आहे:
नेहमीचा.

जुना_जाणता:
नेहमीचा म्हणजे बँकेचापण??

घाईत_आहे:
हो. पण ते विमानतळाचंच पान होतं ना.

तारांचा_गुंता:
असेलही. पण त्याच नावाचं वायफाय कुणीही लॅपटॉपवरून चालू करू शकतं आणि पान हुबेहूब बनवता येतं, तुम्ही तर वॉर्निंग ओलांडून गेलात. पासवर्ड गेला असं धरूनच चाला.

बॅकअप_बाई:
आणि मोबाईल बंद आहे तर बँकेचा ओटीपी येणार कुठे? इतका वेळ सगळे वायफायवर भांडतायत. कुणाकडून तरी केबल मागा, मोबाईल स्वतःच्याच लॅपटॉपला लावा (सदूभाऊंचाही जीव भांड्यात पडेल) आणि त्या बाईंना दहा मिनिटं हॉटस्पॉट द्या म्हणावं. त्यांच्या टॅबवर मात्र बँक उघडू नका.

भटकभवानी:
वा, विमानतळाचं वायफाय वाईट आणि अनोळखी बाईचा हॉटस्पॉट चांगला?

तारांचा_गुंता:
दोन्ही सारखेच. पत्ता स्वतः टाइप केलाय आणि वॉर्निंग न येता पान उघडलं, तर मधल्याला कुठल्या बँकेत गेलात ते कळतं, आत काय केलंत ते नाही. @घाईत_आहे आत गेल्या गेल्या आधी पासवर्ड बदला, मग बिल. तोच पासवर्ड ईमेललाही असणार, तोही.

घाईत_आहे:
केबल मिळाली. भरलं. बँकेचा, ईमेलचा बदलला, बाकी कुठे कुठे आहे ते आठवतोय. बाई म्हणतात हॉटस्पॉटचा पासवर्ड आता त्याही बदलणार.

निवांत_वाचक:
म्हणजे सार्वजनिक वायफाय नाहीच वापरलं शेवटी.

नवा_मेंबर:
मलापण हीच लाल वॉर्निंग येते, पण घरच्या वायफायवर आणि सगळ्याच साईटना. इथेच विचारलं तर चालेल का?

तारांचा_गुंता:
आधी लॅपटॉपची तारीख बघा बरोबर आहे का.

नवा_मेंबर:
2019 दाखवतोय.