तेलरंग वाळतो, सुकतो की आळतो?

साताऱ्याहून:
नमस्कार मंडळी. शनिवार-रविवार तैलचित्राचा क्लास घेतो, भिंतीवर लावायला मराठीत चार सूचना लिहायच्यात आणि एका क्रियापदावर गाडी अडलीये. ‘चित्र पूर्ण वाळल्यावरच वार्निश लावा’ असं आत्तापर्यंत सांगायचो. एका मुलीनं आठवड्याभरात बोट लावून बघितलं, बोटाला रंग आला नाही, म्हणजे वाळलं, आणि मारलं की वार्निश. आता तिला काय बोलणार? आपल्याकडं वाळणं म्हणजे ओल जाणं. कपडे, मिरच्या, पापड, सगळ्यांचं तेच, आणि वॉटरकलर पण तसाच, पाणी उडालं की विषय संपला. तेलरंगात उडून जाण्यासारखं काय असतं तर रंग पातळ करायचं टर्पेंटाइन. रंगातलं जवसाचं तेल कुठंच जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेत घेत आतल्या आत गुंततं आणि घट्ट होतं, सुरुवातीला तर त्याचं वजन उलट वाढतं. म्हणून तर वार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबा म्हणतात. तर वजन वाढणाऱ्या वस्तूला ‘वाळली’ कसं म्हणायचं?

सांगलीहून:
‘सुकला’ लिहा की सर, सोपं आहे.

साताऱ्याहून:
सुकणं तर अजून नको हो. फूल सुकतं, चेहरा सुकतो, त्यात कायतरी कमी झाल्याचा भाव येतोच. शिवाय सुकला म्हटलं की पोरं हेअरड्रायर घेऊन बसतात. वॉटरकलरला चालतो तो, इथं काय उपयोग?

वाळव्याहून:
आमच्या तालुक्याचं नावच वाळवा, त्यामुळं आमचं मत कुठं जाणार ते तुम्ही ओळखा, हा हा. पण खरं सांगायचं तर ‘आळला’ का नाही? पिठलं आळतं, खीर आळते, पातळाचं घट्ट होतं. घरातल्या सगळ्यांना कळेल असा शब्द आहे.

सांगलीहून:
आळायला चुलीवर पाणी आटावं लागतं, म्हणजे फिरून तिथंच आलो. मग ‘थिजला’ घ्या, तूप थिजतं तसा.

साताऱ्याहून:
थिजलेलं तूप उन्हात ठेवलं की परत पातळ होतं ना. तेलरंग एकदा घट्ट झाला की टर्पेंटाइनमध्ये बुचकळून ठेवला तरी माघारी येत नाही. ज्यांनी रात्री ब्रश धुवायचा कंटाळा केलाय त्यांना विचारा.

मिरजेहून:
मी घरं रंगवतो, चित्रं नाही, तरी बोलतो. आमच्यात ‘पहिला हात वाळू दे, मग दुसरा हात मार’ असंच म्हणतात, त्यात कुणाला अडचण आली नाही. पण ऑइलपेंटचा डबा उघडा राहिला तर आम्ही वाळला म्हणत नाही, ‘साय धरली’ म्हणतो. वर साय, खाली ओला. तुमच्या त्या पोरीनं सायीला बोट लावलं बघा. आणि आतपर्यंत घट्ट झालं की ‘धरला’. सिमेंट धरतं तसं. सिमेंटला तर वरून पाणी मारावं लागतं, तिथं ओल जायचा संबंधच नाही.

साताऱ्याहून:
वा दादा! साय मी उचलली.

औंधहून:
‘धरला’ला माझी हरकत आहे. ‘या कॅनव्हासवर रंग धरत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा चिकटण्याबद्दल बोलतो, घट्ट होण्याबद्दल नाही. प्रायमर, म्हणजे कॅनव्हासवर आधी द्यायचा थर, नीट नसला तर रंग आतपर्यंत घट्ट होऊनही धरलेला नसतो, पोपडा निघतो. दोन्ही अर्थ एकाच सूचनेत आले तर गोंधळ होईल.

दुसरं म्हणजे सर, क्रियापद कुठलंही घ्या, प्रत्येक रंगाचा वेग वेगळा हे मुलांना कधी सांगणार? अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असतं, ते तेलाला घाई करतं, पातळ थर एक-दोन दिवसात बोटाला लागत नाही. आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियमचे रंग रेंगाळतात. पांढऱ्यात बरेचदा जवसाऐवजी करडईचं तेल घालतात, कारण ते कमी पिवळं पडतं, पण ते अजून हळू. हे माहीत नसलं की जाड काळ्यावर पातळ अंबर मारतात, वरचं आधी आखडतं, खालचं अजून हलतंय, आणि मग तडे. तेलकट थर नेहमी वर हवा, कमी तेलाचा खाली. आमच्या इथल्या भवानी म्युझियममध्ये, औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या, रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, तिथं एकदा आणा सगळ्यांना. थर म्हणजे काय ते प्रिंट बघून कळत नाही.

वाळव्याहून:
करडईवरून आठवलं, तेलाच्या किटलीच्या तोटीला जो चिकटा बसतो, गरम पाण्यानंही निघत नाही, तो हाच प्रकार का?

साताऱ्याहून:
हाच. शेंगदाण्याचं तेल मात्र असा थर धरत नाही, नुसतं खवट होतं. म्हणून ते रंगात चालत नाही, चित्र कायम चिकटच राहील. ताई, ‘धरला’बद्दल तुमचं पटलं, ते काढतो. असं लिहू का: ‘बोटाला रंग लागला नाही म्हणजे फक्त साय आली. आत अजून ओलं आहे. आतपर्यंत घट्ट झाल्याशिवाय वार्निश नाही.’ क्रियापदाचा वादच मिटला.

मिरजेहून:
त्याच्याखाली फडक्यांचं पण लिहा. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली की आतल्या आत तापून पेटतात, काडी लावावी लागत नाही. पसरून वाळत घाला नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

सांगलीहून:
‘वाळत घाला’ म्हणालात दादा!

मिरजेहून:
फडकं वाळतंच हो. आणि वार्निश काय लिहिताय, आमच्याकडं वारनिस म्हणतात.