मदत हवी आहे: एन्क्रिप्शन बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्येच असावं की वेगळं करावं?

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या एका सीए ऑफिसात कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क असं सगळं माझ्याकडे आहे. बॅकअपची घडी नव्याने बसवायची आहे आणि एन्क्रिप्शनच्या, म्हणजे पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये असं करण्याच्या, मुद्द्यावर गाडी अडली आहे.

आत्ता रोज रात्री टॅलीचा डेटा, रिटर्नच्या पीडीएफ, क्लायंट लोकांच्या पॅन-आधारच्या स्कॅन असं सगळं एका स्क्रिप्टने बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी होतं. शनिवारी ती डिस्क सरांच्या स्कूटरच्या डिकीतून घरी जाते, घरची इकडे येते. कोणी डिकी फोडली तर केबल लावायचा अवकाश, सगळं उघडं. त्यात आता एक प्रत क्लाउडवरही ठेवायची आहे.

माझा कल रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरकडे. रिपॉझिटरी, म्हणजे बॅकअपचं कोठार, बनवतानाच पासवर्ड मागतो आणि डेटा एईएस-२५६ या पद्धतीने एन्क्रिप्ट होऊनच बाहेर पडतो. सरांना नेमकं तेच नको आहे. "उद्या पासवर्ड हरवला तर बॅकअप असून नसल्यासारखाच ना?" यावर मला धड उत्तर देता आलं नाही, कारण ते खरंच आहे. रेस्टिकमध्ये 'पासवर्ड विसरलात?' असलं काही बटण नाही.

आमच्या लिनक्सवाल्या मित्राचा आक्षेप वेगळा. तो म्हणतो, बॅकअपने कॉपी करावी आणि गप्प बसावं. कुलपाचं काम बिटलॉकर, लक्स, वेराक्रिप्ट अशा खास एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरचं. प्रत्येक बॅकअपवाल्याने आपापलं एन्क्रिप्शन लिहिलं तर कोणी कुठे घोळ घातलाय ते तपासणार कोण?

डिस्कपुरतं मला हे पटतं. पण बिटलॉकरच्या डिस्कवरून फाइल क्लाउडवर चढवली की ती उघडीच जाते. वेराक्रिप्टचा कंटेनर (सगळ्या फाइल कुलूपबंद ठेवणारी एकच मोठी फाइल) चढवावा, तर तो आतली फाइल बदलली तरी मूळ सेटिंगनुसार स्वतःची तारीख बदलत नाही, त्यामुळे तारीख बघून चालणाऱ्या सिंकला काही बदललंय याचा पत्ताच लागत नाही. आणि आधी एन्क्रिप्ट करून मग बॅकअप घ्यायचा, तर सारखे तुकडे एकदाच साठवण्याची सोय बाद होते, कारण तोच मजकूर दर वेळी वेगळा दिसतो. रेस्टिक आधी तुकडे करतो, जुने वगळतो आणि उरलेलेच एन्क्रिप्ट करतो. हा क्रम बाहेरून कसा जमवणार? बोर्ग या बॅकअपच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने मधला मार्ग काढलाय: तिथे एन्क्रिप्शन आहे, पण नको असेल तर रिपॉझिटरी बनवतानाच 'नको' म्हणता येतं. मला हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, पण आमचा सर्व्हर विंडोजचा, तिथे बोर्ग धड चालत नाही.

तर प्रश्न असा, की सरांच्या शंकेचं काय करायचं? कंपन्यांची हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. तोवर मी या नोकरीत असेन याची खात्री नाही.

प्रतिसाद १
सरांचं चूक नाही, पण उपाय कागदाचा आहे. पासवर्ड छापा, पाकिटात सीलबंद करा, सरांच्या बँक लॉकरमध्ये ठेवा. शिवाय रेस्टिकमध्ये एकाच रिपॉझिटरीला अनेक पासवर्ड जोडता येतात. सरांचा वेगळा, तुमचा वेगळा. आणि त्याच डिस्कवर रेस्टिकची एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइलही टाकून ठेवा, ८ वर्षांनी शोधत बसायला नको.

प्रतिसाद २
पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणारे खूप पाहिलेत. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फक्त बॅकअपच्या अकाउंटलाच वाचता येईल असं करा. नाहीतर आर्टिकलशिपची पोरंही वाचतील.
अवांतर: रात्री टॅली कुणाकडे उघडी राहिलेली नसते ना? रेस्टिकला विंडोजचा व्हीएसएस स्नॅपशॉट (उघड्या फाइलचीही त्या क्षणाची प्रत) वापरायला सांगता येतं, ते चालू करा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पाकिटाची कल्पना सरांना लगेच पटली, त्यांची मृत्युपत्राची फाइलही तिथेच असते म्हणे! एक उपप्रश्न: मी नोकरी सोडली की माझा पासवर्ड काढून टाकला, एवढं पुरे का?

प्रतिसाद १
नाही. पासवर्ड काढला तरी ज्या मुख्य किल्लीने डेटा उघडतो ती तीच राहते. रिपॉझिटरीची जुनी प्रत कोणाकडे असेल, तर ती जुन्या पासवर्डने उघडते. माणूस विश्वासाचा नसेल तर नवी रिपॉझिटरी करायची. आणि क्लायंटचा डेटा हातात घेण्याआधी एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर, तुम्ही खोलीत नसताना, फक्त पाकिटातल्या कागदावरून एखादं टॅलीचं फोल्डर सरांनाच परत आणायला लावा. जमलं नाही, तर कागदावर काय लिहायचं राहिलंय ते तिथेच कळेल.