धर्मयुद्ध, न्याय्य युद्ध, पवित्र युद्ध : तिन्हींचा अर्थ एकच का?

प्रश्न : शाळेत 'क्रुसेड म्हणजे धर्मयुद्ध' असं शिकलो. कुरुक्षेत्रावर झालं तेही धर्मयुद्धच. २०२४ च्या विधानसभा प्रचारात 'मतांचं धर्मयुद्ध' कानावर आलं. ख्रिस्ती लोक 'न्याय्य युद्ध' म्हणतात तेही यातलंच का? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर : मी ख्रिस्ती आहे आणि हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे शब्द वेगवेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की माणसं मारण्याविषयी आपण नेमकं काय म्हणतोय हेच कळेनासं होतं.

महाभारतातल्या धर्मयुद्धात 'धर्म' म्हणजे पंथ किंवा उपासना नव्हे. कौरव-पांडवांचे देव काही वेगळे नव्हते. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही पक्ष नियम ठरवतात : रथीने रथीशी लढावं, निःशस्त्रावर, पाठ फिरवलेल्यावर, दुसऱ्याशी झुंजण्यात गुंतलेल्यावर वार करू नये. गीतेतही कृष्ण 'धर्म्य' संग्राम म्हणतो. पुढे नियम मोडले गेले, पण ते होते म्हणूनच रुतलेल्या चाकाशी उभ्या कर्णाबद्दल किंवा दुर्योधनाच्या मांडीबद्दल आजही वाद घालता येतो. म्हणजे हा शब्द लढणाऱ्याला बांधून ठेवणारा आहे.

क्रुसेडचं मूळ निराळं. १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथे पोप दुसरे अर्बन यांनी मुस्लिम सत्तेखालचं जेरुसलेम सोडवायला जाण्याचं आवाहन केलं. निघालेल्यांनी कपड्यांवर कापडी क्रूस शिवून घेतले, त्यावरून हे नाव पडलं. १०९९ मध्ये शहर पडल्यावर मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची कत्तल झाली. १२०४ मध्ये तर याच नावाखाली कॉन्स्टँटिनोपल लुटलं गेलं, आणि ते शहर ख्रिस्ती होतं. याला 'धर्मयुद्ध' म्हणणं महाभारतावरही अन्याय आणि इतिहासावरही. मी 'क्रूसयुद्ध' लिहितो. क्रूस हा शब्द मराठीत रुळलेला आहेच.

आता न्याय्य युद्ध. चौथ्या-पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनी युद्ध कधी योग्य ठरतं याचा हा विचार मांडला आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी तीन अटींत बसवला : युद्ध पुकारण्याचा अधिकार असलेली सत्ता, रास्त कारण आणि शुद्ध हेतू. तिन्ही हव्यात. रास्त कारण असूनही मनात सूड किंवा लोभ असेल, तर ते युद्ध न्याय्य नाही.

पण इतक्यावर थांबलं तर अर्थ निसटतो. न्याय्य ठरलेलं युद्धही चर्चच्या लेखी गौरवाची गोष्ट नव्हती. चौथ्या शतकातले बिशप बेसिल युद्धात मारणाऱ्याला खुनी म्हणत नाहीत, तरी त्याचे हात स्वच्छ नाहीत, त्याने तीन वर्षं प्रभुभोजनापासून (चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून) दूर राहावं असं सुचवतात. १०६६ ची इंग्लंडमधली हेस्टिंग्जची लढाई फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी जिंकली, आणि काही वर्षांनी त्यांच्याच बिशपांनी विजेत्या सैनिकांना प्रायश्चित्त सांगितलं : मारलेल्या दर माणसामागे एक वर्ष. किती मारले हे आठवत नसेल, तर आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस. जिंकलेल्यांना हे सांगितलं जात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि मग तीसेक वर्षांत क्लेरमाँ. तिथे ठरलं, की भक्तिभावाने जेरुसलेमच्या मुक्तीसाठी जाणाऱ्याची ती वाटचालच सगळ्या प्रायश्चित्ताच्या ठिकाणी धरली जाईल. काल ज्या कृत्यासाठी प्रायश्चित्त होतं, आज तेच प्रायश्चित्त झालं. माझ्या मते ख्रिस्ती इतिहासातली ही सर्वांत दुःखद उलथापालथ आहे. न्याय्य युद्ध आणि पवित्र युद्ध यांतली रेघ इथेच दिसते.

प्रतिसाद : माहिती उत्तम. पण भाषा रूढीने चालते, पाठ्यपुस्तकातला शब्द आता कोण बदलणार? आणि हे सगळं मध्ययुगातलं झालं. आज कोणी युद्धाला पवित्र म्हणतं का?

उत्तर : म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांनी प्रवचनात सांगितलं, की लष्करी कर्तव्य बजावताना आलेलं मरण सगळी पापं धुऊन टाकतं. मार्च २०२४ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या परिषदेने युक्रेनवरच्या आक्रमणाला 'पवित्र युद्ध' म्हटलं. क्लेरमाँचीच भाषा! एक ख्रिस्ती म्हणून मला याची लाज वाटते. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांनी हत्यार उचललं, तर न्याय्य युद्धाच्या अटी त्यांना लावून बघता येतात. मी त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्या युद्धालाही पवित्र म्हणणार नाही.

अटी लावून बघण्याचं काम फक्त राजाचं नाही. ऑस्ट्रियातले शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांनी हिटलरसाठी लढायला नकार दिला. घरी बायको, लहान मुली. ओळखीच्या धर्मगुरूंनीही समजावलं, की कुटुंबाकडे बघ, सरकारचं ऐक. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना धन्यपद (संतपदाच्या आधीची पायरी) दिलं. आणि २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलं, की आजच्या शस्त्रांचा संहार पाहता न्याय्य युद्धाचे जुने निकष पुढे करणं फार कठीण झालं आहे. मला ते पटतं.

रूढीचं म्हणाल, तर रूढी आपणच घडवतो. प्रचारातल्या 'धर्मयुद्धा'बद्दलही माझी हरकत हीच : समोरचा उमेदवार प्रतिस्पर्धी असतो, त्याचे मतदार आपले शेजारी असतात, आणि या शब्दाने ते शत्रू होऊन बसतात. पक्ष कोणताही असो.

प्रतिसाद : पटलं. एक शंका : 'न्याय युद्ध' की 'न्याय्य युद्ध'?

उत्तर : 'न्याय्य'. न्यायाला धरून असलेलं ते न्याय्य, जसं धर्माला धरून असलेलं ते धर्म्य. अनुवाद करताना रशियन परिषदेचा शब्द मात्र 'पवित्र युद्ध' असाच आणि अवतरणचिन्हांत ठेवावा, म्हणजे तो त्यांचा आहे, लिहिणाऱ्याचा नाही, हे वाचणाऱ्याला कळेल.