मदत हवी आहे: गच्चीवर वापरायला लाकडावरचा छोटा पिझ्झा ओव्हन

जुळे सोलापुरात राहतो. गच्ची स्वतःची आहे, पण शेजारचं घर भिंतीला लागून, त्यामुळे सतत धूर चालणार नाही. वापर रविवारी संध्याकाळी, पाच-सहा माणसांसाठी. काम झालं की उचलून जिन्याखाली ठेवता यावा, म्हणून विटांची पक्की भट्टी नको. बजेट २५ हजारांपर्यंत.

घरचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) २५० अंशांच्या वर जात नाही. त्यात पिझ्झा भाजायचा दगड तासभर तापवून पाहिला. चीज वितळतं, पण कडा फुगेपर्यंत बेस वाळून कडक होतो. (कडक भाकरी आम्हाला आवडते, पण पिझ्झ्याची नको!) गॅस तंदूरमध्ये उलटं, खालून करपतो आणि वरून पांढरा. इटलीतल्या नेपल्ससारखा दीड मिनिटात भाजायचा तर दगड ४०० अंशांच्या पुढे हवा, एवढं कळलंय.

आता १२ इंची ओव्हन घ्यायचं जवळपास ठरलंय, अडलंय ते इंधनावर. पेलेटवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर) चालणारा घेतला तर पेलेट कायम बाहेरून मागवावे लागतील. लाकडाच्या तुकड्यांवर चालणारा घेतला तर वखारीत बाभूळ सहज मिळते, पण छोट्या जळणपेटीसाठी ती वीतभर लांब आणि बारीक फोडून घ्यावी लागेल. गॅस बर्नरची सोय असलेले ओव्हन बजेटबाहेर जातात.

ज्यांच्याकडे असा ओव्हन आहे त्यांनी सांगा: सुकी बाभूळ वापरली तर दगड तापल्यावर धूर कमी होतो का, आणि एक पिझ्झा काढल्यावर दुसरा घालेपर्यंत किती वेळ थांबावं लागतं?