एक्स्चेंज २०१६ वरून मेल हलवायचाय, पावसाच्या आधी

रत्नागिरी_आयटी:
आमची आंब्याचा पल्प करणारी फॅक्टरी, ऑफिसातच एक्स्चेंज २०१६ (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) आहे, साठेक मेलबॉक्स. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी साहेब म्हणतात चालतंय ना, कशाला हात लावतोस. आता कुठे पोस्टफिक्स-डव्हकॉटवर (ओपन सोर्स मेल सर्व्हर), बाहेरच्या डेटा सेंटरला न्यायचं ठरलंय. तोवर इथे लाइट गेली नि यूपीएस संपला तर त्या वेळातले मेल गेलेच का? आणि जुने मेल कसे नेऊ?

कुडाळचा_अ‍ॅडमिन:
लगेच जात नाहीत रे, समोरचा सर्व्हर रांगेत ठेवून परत परत पाठवत राहतो, पोस्टफिक्स तर डिफॉल्टला ५ दिवस. जुन्यांसाठी आयमॅपसिंक (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर मेल कॉपी करणारं टूल), आधी सगळं कॉपी करून ठेव मग एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरला जायचे ते सांगणारी डोमेनची नोंद) बदलल्यावर परत चालव, फक्त मधले नवे येतील. कॅलेंडर नि कॉन्टॅक्ट त्यात येत नाहीत हां, ते वेगळे काढ नाहीतर अकाउंटवाल्या मॅडम डोकं खातील. एमएक्सचा टीटीएल (बाकीचे सर्व्हर ती नोंद किती वेळ लक्षात ठेवतात ते) दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आण.

दापोली_दर्या:
पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) विसरू नकोस! तो डोमेनवाल्याकडे नसतो, आयपी देणाऱ्याकडून करून घ्यायचा, लोक भलतीकडेच शोधत बसतात. एसपीएफमध्ये (आपल्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्याची यादी) नवा आयपी आधीच टाक, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू कर. आणि जुना सर्व्हर लगेच बंद नको, स्कॅनर वगैरे त्यातूनच मेल पाठवत असतात नि कोणाच्या गावीही नसतं.

रत्नागिरी_आयटी:
अरे हो, गेटवरच्या वजनकाट्याचा पीसी पण त्यातूनच पावत्या पाठवतो बहुतेक. उद्या लॉग बघतो.