प्रशिक्षण झालं, तरी वर्ग तसाच का राहतो?

'संशोधनं कागदावरच राहतात, शिक्षक ऐकतच नाहीत' अशी तक्रार केली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेचं उदाहरण घ्या. त्यांची पद्धत अशी: इयत्ता बाजूला ठेवायची, मुलाला चिठ्ठीवरचं वाचायला द्यायचं आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी ते जिथे अडकेल तिथून शिकवायचं. चौथीतलं मूल 'क... म... ळ' करत थांबत असेल तर त्याला चौथीचा धडा वाचायला लावण्यात काय हशील?

मुंबई आणि वडोदऱ्यात 'बालसखी'च्या (मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणाऱ्या स्थानिक तरुणींच्या) रूपाने अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी हे तपासलं. मागे पडलेल्या मुलांना फायदा झाला.

खरी गंमत पुढे आहे. बिहारमध्ये उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच हे शिकवलं आणि मुलं वाचू लागली. पण शाळा सुरू झाल्यावर नुसतं साहित्य आणि प्रशिक्षण दिलं तेव्हा फारसं काही हललं नाही, कारण शिक्षक पुन्हा पोर्शनच्या मागे! हरियाणात रोज एक तास यासाठीच राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता मोडून पातळीप्रमाणे गट केले, आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी माणसं शाळेत येऊन बघू लागली, तेव्हा भाषेत फरक पडला.

म्हणजे शिक्षकांना पद्धत येत होती, वेळापत्रकात जागा नव्हती. त्यामुळे आपल्याकडे पुढचं प्रशिक्षण ठरवताना मी आधी एवढंच विचारीन: यासाठी कुठला तास मोकळा करताय? (आणि कृपया, त्याच तासाला ऑनलाइन माहिती भरायला सांगू नका.)